सात सूर, सात मुले आणि एक हरवलेला देश

'द साऊंड ऑफ म्युझिक' हा चित्रपट २ मार्च १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात प्रथम प्रदर्शित झाला. सहा दशके उलटली तरी त्यातील गाणी शाळांच्या स्नेहसंमेलनांत, चर्चच्या गायकवृंदांत, जॅझच्या मैफलींत आणि घराघरांतल्या सुट्टीच्या दुपारी गायली जातात. तीन तासांना जेमतेम सहा मिनिटे कमी अशा लांबीचा हा चित्रपट अनेकांनी अनेकदा पाहिलेला असतो. मात्र त्याचे कथानक पुसट झाले तरी गाणी पुसट होत नाहीत. ती कोणी रचली, रंगभूमीवरून पडद्यावर येताना त्यांत काय बदल झाले आणि ज्या कुटुंबाची ही कथा म्हणून सांगितली जाते त्या कुटुंबाच्या खऱ्या संगीताचे पुढे काय झाले, याचा मागोवा घेतला की या गोड गाण्यांमागे दडलेले बरेच काही हाती लागते.

पुस्तकातून रंगभूमीवर

कथेचे मूळ मारिया फॉन ट्रॅप यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. ऑस्ट्रियातील एका विधुर नौदल अधिकाऱ्याच्या घरी शिक्षिका म्हणून गेलेली, संन्यासिनी होऊ पाहणारी तरुणी त्याच्याशी विवाहबद्ध होते; पुढे हे कुटुंब गायनाचे कार्यक्रम करू लागते आणि नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर देश सोडून अमेरिकेत येते. या आठवणींवर पश्चिम जर्मनीत १९५६ आणि १९५८ मध्ये दोन चित्रपट निघाले. त्यांच्यामुळे ही कथा अमेरिकन नाट्यव्यावसायिकांच्या नजरेत भरली आणि ब्रॉडवेची लोकप्रिय अभिनेत्री मेरी मार्टिन हिच्यासाठी नाटक करण्याचे ठरले.

आरंभीचा बेत साध्या नाटकाचा होता. ट्रॅप कुटुंब प्रत्यक्षात गात असे ती लोकगीते आणि धार्मिक रचना त्यात वापरायच्या आणि संगीतकार रिचर्ड रॉजर्स व गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन या जोडीकडून एखाद्या नव्या गाण्याची भर घालायची, अशी ती कल्पना होती. 'ओक्लाहोमा!', 'कॅरोसेल', 'साऊथ पॅसिफिक', 'द किंग अँड आय' अशा संगीतिकांनी या जोडीने अमेरिकन संगीत रंगभूमीचे रूप पालटून टाकले होते. एकतर सगळे संगीत मूळचे असू द्या, नाहीतर सगळे नवे, दोहोंची सरमिसळ नको, असे त्यांचे म्हणणे पडले. ते मान्य झाले आणि ट्रॅप कुटुंबाच्या कथेतून ट्रॅप कुटुंबाचे संगीत बाजूला झाले.

१६ नोव्हेंबर १९५९ रोजी ही संगीतिका ब्रॉडवेवर आली. हॉवर्ड लिंडसे आणि रसेल क्राऊस यांनी तिची संहिता लिहिली होती. तिचे १,४४३ प्रयोग झाले. सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार तिला 'फिओरेलो!' या संगीतिकेबरोबर विभागून मिळाला. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या रॉजर्स यांना मठातील संन्यासिनींची प्रार्थना रचायची होती. कॅथॉलिक उपासनेचे संगीत त्यांच्या सवयीचे नव्हते. त्यासाठी त्यांनी मॅनहॅटनव्हिल महाविद्यालयात संगीत शिकविणाऱ्या एका ननचे मार्गदर्शन घेतले. संगीतिकेचा प्रारंभ वाद्यवृंदाच्या गजराऐवजी या प्रार्थनास्वरांनी होतो, हे तिचे एक वेगळेपण होते.

ही या जोडीची अखेरची संगीतिका ठरली. हॅमरस्टाइन तेव्हा पोटाच्या कर्करोगाने ग्रासले होते. शुभारंभानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, २३ ऑगस्ट १९६० रोजी त्यांचे निधन झाले. पडद्यावरील 'साऊंड ऑफ म्युझिक' त्यांनी पाहिला नाही.

पडद्यासाठी नवी मांडणी

रॉबर्ट वाइज यांच्या दिग्दर्शनाखाली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने चित्रपट हाती घेतला तेव्हा पटकथाकार अर्नेस्ट लेमन यांनी गाण्यांच्या जागा नव्याने ठरविल्या. हीच या चित्रपटाच्या यशाची खरी गुरुकिल्ली म्हणता येईल. गाणी बहुतांशी तीच राहिली, पण ती कोण, कुठे आणि कशासाठी गाते हे बदलले.

'माय फेवरिट थिंग्ज' हे गाणे रंगभूमीवर मारिया आणि मठाच्या प्रमुख मदर अॅबेस मठातच गातात. मुलांच्या खोलीतील वादळी रात्रीच्या प्रसंगी तेथे 'द लोनली गोटहर्ड' हे याेडलिंगचे गाणे येते. चित्रपटात विजांच्या कडकडाटाने घाबरून मारियाच्या पलंगावर गोळा झालेल्या मुलांची भीती घालविण्यासाठी 'माय फेवरिट थिंग्ज' योजले गेले. आवडत्या वस्तूंची साधी यादी एकदम गरजेची होऊन बसली. गुराख्याचे गाणे मग कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला मिळाले आणि त्यासाठी बिल बेअर्ड यांच्या प्रसिद्ध बाहुल्या वापरल्या गेल्या. पुढे मेजवानीच्या रात्री अंगणात मारिया आणि कॅप्टन ज्या ऑस्ट्रियन लेंडलर नृत्यात प्रथमच एकमेकांच्या निकट येतात, त्या नृत्याची धून म्हणजे याच खट्याळ गाण्याचे संथ, तीन मात्रांत बसविलेले रूप आहे. ज्या चालीवर बाहुल्या उड्या मारतात त्याच चालीवर दोन माणसे नि:शब्द होतात. प्रेक्षकाच्या हे लक्षात येतेच असे नाही, पण ओळखीचे काहीतरी कानावर पडल्याची जाणीव त्याला नकळत होते.

रंगभूमीवरील तीन गाणी चित्रपटातून वगळण्यात आली. त्यांतील दोन गाणी कॅप्टनची वाग्दत्त वधू एल्सा आणि मित्र मॅक्स यांच्या व्यवहारवादी, काहीशा छद्मी वृत्तीची होती. विशेषत: 'नो वे टू स्टॉप इट' या गाण्यात येणाऱ्या नाझी सत्तेशी जुळवून घेण्याचा सल्ला ही दोघे कॅप्टनला देतात. नाटकात एल्सा आणि कॅप्टन वेगळे होतात ते या राजकीय मतभेदामुळे. चित्रपटात मात्र त्याचे मन मारियाकडे ओढले गेल्यामुळे. गाणे गळाले, तसा कथेचा एक धारदार कंगोराही गळाला. चित्रपटावर भाबडेपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी या वगळलेल्या गाण्याकडे जरूर पाहावे.

'अॅन ऑर्डिनरी कपल' हे तिसरे गाणे काढून त्या जागी 'समथिंग गुड' हे नवे प्रेमगीत आले. मठातून बाहेर पडून कॅप्टनच्या घराकडे निघालेल्या मारियासाठी 'आय हॅव कॉन्फिडन्स' हेही नव्याने घालण्यात आले. हॅमरस्टाइन हयात नसल्याने या दोन्ही गाण्यांचे शब्द आणि स्वर अशी दोन्हींची जबाबदारी रॉजर्स यांच्यावर आली. 'समथिंग गुड'च्या चित्रीकरणात ज्युली अँड्र्यूज आणि ख्रिस्तोफर प्लमर यांना प्रकाशदिव्यांच्या चमत्कारिक आवाजामुळे हसू आवरेना. अखेरीस त्यांच्या केवळ छायाकृती दिसतील अशा रीतीने तो प्रसंग टिपण्यात आला. आज त्याच अंधुक छायाकृतींच्या काव्यमयतेची वाखाणणी होते.

शीर्षकगीताच्या बाबतीतही एक धाडसी निर्णय झाला. नाटकातील या गाण्याला एक प्रास्ताविक कडवे आहे; चित्रपटात ते गायले जात नाही. त्याऐवजी पडद्यावर दिसतात ढग, हिमशिखरे, दऱ्या आणि ऐकू येतो केवळ वारा. हळूहळू पाखरांचे आवाज मिसळतात, वाद्यांची चाहूल लागते, हेलिकॉप्टरमधला कॅमेरा हिरव्या कुरणावर उतरतो आणि मारिया गिरकी घेऊन थेट मुखड्याला हात घालते. आलापीनंतर सम यावी तसा हा क्षण येतो. प्रत्यक्षात हेलिकॉप्टरच्या पात्यांचा झोत इतका जोरदार होता की प्रत्येक खेपेला ते वळताना अँड्र्यूज गवतावर कोलमडत असत.

'दो-रे-मी'ची शिकवण

संपूर्ण चित्रपटातील सर्वाधिक परिचित गाणे 'दो-रे-मी' हे होय. पाश्चात्त्य स्वरनामांची ही परंपरा अकराव्या शतकातील इटालियन धर्मोपदेशक आणि संगीतशिक्षक ग्वीदो द'आरेझो याच्याकडे जाते. सेंट जॉनच्या स्तवनाची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका स्वराने वर सुरू होत असे. त्या ओळींची आद्याक्षरे घेऊन त्याने गायकांना स्वर लक्षात ठेवण्याची युक्ती दिली. त्यातील पहिले 'उत' पुढे 'दो' झाले आणि सातव्या स्वराची भर नंतर पडली. हॅमरस्टाइन यांनी नऊशे वर्षांनंतर याच युक्तीला खेळाचे रूप दिले. प्रत्येक स्वरनामासारखा उच्चार असलेला एखादा इंग्रजी शब्द घेऊन त्यांनी मुलांना चित्र दिले. 'ला'साठी मात्र तसा शब्द नव्हता. तेव्हा तो आधीच्या स्वरानंतर येणारा स्वर आहे, एवढेच सांगून गीतकार पुढे सरकतो. या उघड अडचणीचीच गंमत झाली आहे.

भारतीय कानांना हे गाणे चटकन जवळचे वाटते यात नवल नाही. 'सा रे ग म' शिकविणारा गुरुजी जे करतो तेच मारिया करते. आधी सरळ आरोह, मग त्याची उजळणी, मग स्वर उलटसुलट करून पलटे, आणि शेवटी स्वरांच्या जागी शब्द. एकेक मूल एकेका स्वराचे होते. सात मुले आणि सात स्वर हा योगायोग येथे पुरेपूर उपयोगात आणला आहे. वडिलांच्या शिट्टीच्या तालावर रांगेत उभी राहणारी मुले त्याच क्रमाने उभी राहून आता गातात. रांग तीच, पण तिचा अर्थ बदललेला.

रंगभूमीवर हे गाणे दिवाणखान्यात, पहिल्याच भेटीत होते. चित्रपटात ते डोंगरावरच्या कुरणात सुरू होते आणि साल्झबुर्ग शहराचे पूल, रस्ते, नदीकाठ पालथे घालीत मिराबेल उद्यानाच्या पायऱ्यांवर संपते. कपडे बदलतात, स्थळे बदलतात, पण स्वर अखंड राहतो. त्यामुळे एका गाण्यात कित्येक दिवस सरतात आणि ओळीच्या शेवटी मुलांना गाता येऊ लागलेले असते. काळ पुढे नेण्यासाठी गाणे वापरण्याची ही रीत हिंदी चित्रपटांच्या प्रेक्षकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एका यादीचा प्रवास

'माय फेवरिट थिंग्ज' या गाण्याची कथा चित्रपटापेक्षाही लांबवर जाते. तीन मात्रांच्या ठेक्यातील ही चाल बराच वेळ उदास स्वरछायेत फिरते आणि अगदी अखेरीस प्रसन्न छायेत येऊन विसावते. शब्द आनंदाचे असले तरी आत भीती आहे, हे स्वरांनी सांगितलेले असते.

न्यूयॉर्कमध्ये मूळ संगीतिका चालू असतानाच, ऑक्टोबर १९६० मध्ये, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी हे गाणे ध्वनिमुद्रित केले. मुळातील काही मिनिटांच्या गाण्याचे त्यांनी पावणेचौदा मिनिटांच्या आसपासचे दीर्घ वादन केले. मूळ चाल ओळखीपुरती ठेवून, दोन स्वरछायांच्या स्थिर आधारावर सोप्रॅनो सॅक्सोफोनने केलेला हा विस्तार रागाच्या बढतीची आठवण करून देणारा आहे. कोल्ट्रेन यांना भारतीय संगीताचे मोठे आकर्षण होते. पंडित रविशंकर यांच्याशी त्यांचा परिचय होता आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रविशंकरांवरून 'रवी' ठेवले. एका बालगीतवजा गाण्यातून आधुनिक जॅझची एक महत्त्वाची वाट निघावी, ही घटना विरळाच.

पुढे अमेरिकेत ते नाताळचे गाणे म्हणून रूढ झाले. मुळात नाताळचा त्यात कोणताही संदर्भ नाही. हिमकण आणि गाठी बांधलेल्या पुडक्यांचे उल्लेख तेवढे आहेत. २०१९ मध्ये गायिका आरियाना ग्रांदे हिने 'सेव्हन रिंग्ज' या गाण्यासाठी याच चालीचा आधार घेतला, तेव्हा त्या गाण्याच्या लेखनहक्कांतील ९० टक्के वाटा रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या हक्कधारकांकडे गेल्याचे वृत्त होते.

पडद्यामागचे आवाज

हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीत पार्श्वगायकाचे नाव नायकाइतकेच मोठे असते. हॉलिवूडमध्ये मात्र ही गोष्ट झाकून ठेवण्याकडे कल असे. कॅप्टनच्या भूमिकेतील ख्रिस्तोफर प्लमर यांनी आपली गाणी स्वत: गाऊन ध्वनिमुद्रित केली होती, पण पडद्यावर ऐकू येतो तो बिल ली या गायकाचा आवाज. मदर अॅबेस झालेल्या पेगी वुड या ज्येष्ठ अभिनेत्रीने उमेदीत संगीतिका गाजविल्या होत्या. वयोमानानुसार 'क्लाइंब एव्हरी माऊंटन'मधील उंच स्वर त्यांना पेलणारे नव्हते. म्हणून मार्जरी मॅके यांनी त्यांच्यासाठी गायिले. सात मुलांच्या गायनालाही इतर बालगायकांच्या आवाजांचे बळ देण्यात आले. 'सो लाँग, फेअरवेल'मधील कुर्टचा सर्वांत उंच स्वर तर लीझलची भूमिका करणाऱ्या चार्मियन कार हिच्या धाकट्या बहिणीचा आहे.

मारिया कोणत्या समस्येसारखी आहे याचा काथ्याकूट करणाऱ्या संन्यासिनींमध्ये सिस्टर सोफिया म्हणून मार्नी निक्सन दिसतात. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी'मध्ये नॅटली वुड आणि 'माय फेअर लेडी'मध्ये ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी गाणाऱ्या या गायिकेचा चेहरा प्रेक्षकांनी या चित्रपटात प्रथमच पाहिला.

'माय फेअर लेडी' रंगभूमीवर गाजविणाऱ्या ज्युली अँड्र्यूज यांना त्याच्या चित्रपटासाठी डावलण्यात आले होते. 'मेरी पॉपिन्स'ने त्यांना ऑस्कर मिळवून दिले आणि मारियाने जगभर पोहोचविले. विशेष म्हणजे १९६२ मध्ये कॅरल बर्नेट यांच्यासह केलेल्या एका कार्यक्रमात त्यांनी याच संगीतिकेची खिल्ली उडविली होती. स्वच्छ उच्चार, सहज चढणारा स्वर आणि भावनेला कधीही पाझर फुटू न देणारी शिस्त हे त्यांच्या गायनाचे विशेष. गाणी गोड आहेत, गायन मात्र गुळमट नाही. १९९७ मध्ये स्वरयंत्रावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचा गाता गळा कायमचा हरपला. त्यामुळे या ध्वनिमुद्रणाला आता एक वेगळेच मोल आले आहे.

संगीत संयोजन आणि संचालन अर्विन कॉस्टल यांचे होते. चित्रपटाला मिळालेल्या पाच ऑस्करपैकी एक त्यांच्या वाट्याला आले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनी हे अन्य चार. लग्नाच्या प्रसंगात त्यांनी संन्यासिनींचे तेच तक्रारीचे गाणे ऑर्गन आणि वृंदगानाच्या साथीने मंगलगीत म्हणून योजले आहे. जिच्याविषयी मठात कुरकूर चालत असे, तिलाच त्या स्वरांत सासरी पाठवणी मिळते.

'एडलवाईस' : परदेशात जन्मलेले स्वदेशगीत

एडलवाईस हे आल्प्सच्या उंच कड्यांवर उगवणारे लहानसे पांढरे फूल. त्याच्यावरील गाणे ऑस्ट्रियाचे जुने लोकगीत, किंबहुना राष्ट्रगीत असल्याचा समज आजही अनेक देशांत आढळतो. वस्तुस्थिती अशी की, १९५९ च्या शरद ऋतूत बोस्टन येथे संगीतिकेचे पूर्वप्रयोग सुरू असताना ते रचले गेले. अखेरच्या भागात कॅप्टनला देशाचा निरोप घेण्यासाठी काहीतरी हवे, असे रॉजर्स यांना वाटत होते. ती भूमिका करणारे थिओडोर बिकेल हे लोकगीतांचे नामवंत गायक आणि उत्तम गिटारवादक होते, ही जमेची बाजू होती. आजारी हॅमरस्टाइन यांनी मोजक्या, साध्या शब्दांत ते लिहिले. त्यांच्या हातून उतरलेले हे शेवटचे गीत.

बिकेल यांचे स्वत:चे आयुष्य या गाण्याला वेगळा अर्थ देते. १९२४ मध्ये व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रियात प्रवेश केल्यानंतर त्यांच्या कुटुंबाला देश सोडून पॅलेस्टाइन गाठावे लागले. म्हणजे रंगमंचावर मायभूमीचा निरोप घेणारा हा पहिला कॅप्टन खरोखरच त्याच वर्षी, त्याच कारणाने मायदेशाला मुकलेला होता. कथेतल्या कॅप्टनला निदान स्वाभिमानाने निघून जाण्याची निवड करता आली. व्हिएन्नाच्या हजारो ज्यू कुटुंबांना ती मुभा नव्हती. हे गाणे आपल्याला पूर्वीपासून, पण जर्मन भाषेत माहीत असल्याचे एका चाहत्याने आपल्याला सांगितल्याची आठवण बिकेल यांनी नोंदविली आहे. नव्या गाण्याला याहून मोठी पावती ती कोणती?

नाटकात हे गाणे एकदाच, अखेरच्या महोत्सवात येते. चित्रपटात ते दोनदा येते आणि हा बदल फार मोलाचा आहे. प्रथम कॅप्टन घरात, मुलांच्या आग्रहावरून, कित्येक वर्षांनी गिटार हाती घेऊन गातो. तेव्हा ते एका बापाचे गाणे असते. दुसऱ्यांदा तो साल्झबुर्गच्या खडकात कोरलेल्या प्रेक्षागारात, समोर नाझी अधिकारी बसलेले असताना गातो. मध्येच त्याचा कंठ दाटतो, मारिया सूर उचलते आणि मग सारे प्रेक्षागार गाऊ लागते. शब्दांत निषेध नाही, घोषणा नाही. आहे ते फक्त एका फुलाला केलेले आर्जव. संगीतातून प्रतिकार कसा उभा राहतो, याचे इतके संयत उदाहरण व्यावसायिक चित्रपटांत क्वचितच सापडेल.

खऱ्या कुटुंबाचे खरे गाणे

वास्तव मात्र या सुरेल चित्राहून बरेच निराळे होते. मारिया १९२६ मध्ये ट्रॅप यांच्या घरी आल्या त्या आजारातून उठलेल्या एका मुलीच्या शिकवणीसाठी. विवाह १९२७ मध्ये, म्हणजे नाझी येण्याच्या अकरा वर्षे आधी झाला. मुलांना गाणे ठाऊक नव्हते आणि वडील संगीताचे वैरी होते, हीदेखील कल्पिताची भर. त्या घरात संगीत आधीपासूनच होते. कुटुंबाच्या गायनाला शिस्त आणि दर्जा देणारे फादर फ्रान्झ वासनर यांचे नावही चित्रपटात नाही. त्यांच्या जागी मॅक्स हा काल्पनिक कार्यक्रम-व्यवस्थापक आला. डोंगर ओलांडून पलायनही झाले नाही. १९३८ मध्ये हे कुटुंब रेल्वेने इटलीला गेले आणि तेथून पुढे अमेरिकेला. अखेर व्हरमाँट राज्यातील स्टो या गावी ते स्थायिक झाले.

अमेरिकेत अनेक वर्षे हे कुटुंब मैफली करीत होते. प्रबोधनकाळातील आणि बरोक शैलीतील धर्मसंगीत, बहुस्वरी रचना आणि आल्प्सची लोकगीते हे त्यांचे गायन होते. एखाद्या घराण्याची चीज त्या घराण्याच्या नावाने ओळखली जाण्याऐवजी दुसऱ्याच कोणाच्या चालीने ते घराणे ओळखले जावे, तसे या कुटुंबाचे झाले. ट्रॅप हे नाव जगाला ठाऊक झाले. ट्रॅप जे गात होते ते मात्र विस्मृतीत गेले. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचा 'सगळे नवे' हा निर्णय कलादृष्ट्या योग्य होता यात शंका नाही, पण त्याची ही किंमत नोंदवून ठेवायला हवी.

ऑस्ट्रियातही या गाण्यांना सहज घर मिळाले नाही. तेथील लोकांना जर्मन चित्रपट परिचित होते आणि आपल्या संस्कृतीचे हे अमेरिकन रूप परके वाटत होते. ज्या साल्झबुर्गला पर्यटक या चित्रपटाच्या ओढीने लोटत आले, त्या शहराच्या लांडेस्थिएटरमध्ये ही संगीतिका प्रथम सादर झाली ती २०११ मध्ये.

ध्वनिमुद्रिकेचा विक्रम

समीक्षकांनी चित्रपटाचे स्वागत फारसे प्रेमाने केले नव्हते. न्यूयॉर्क टाइम्सचे बॉस्ली क्राउदर यांनी त्याच्या भावविवशतेवर टीका केली, तर पॉलीन केल यांनी त्याला अक्षरश: झोडपून काढले. खुद्द प्लमर अनेक वर्षे त्याची टिंगल करीत राहिले. उत्तरायुष्यात मात्र त्यांचा सूर निवळला. प्रेक्षकांचा कौल वेगळा होता. सुमारे ८२ लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने १९६६ पर्यंत 'गॉन विथ द विंड'चा उत्पन्नाचा विक्रम मागे टाकला.

आरसीए व्हिक्टर कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेचे यशही तसेच विलक्षण होते. अमेरिकेत ती पहिल्या दहांत शंभराहून अधिक आठवडे राहिली. ब्रिटनमध्ये तर ती एकूण ७० आठवडे पहिल्या क्रमांकावर होती आणि १९६५, १९६६ व १९६८ या वर्षांत ती तेथील सर्वाधिक खपाची ध्वनिमुद्रिका ठरली. हा बीटल्सचा ऐन भराचा काळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे महत्त्व कळते. तरुण पिढी गिटारच्या नव्या नादावर डोलत असताना घरातील एकुलत्या एका रेकॉर्ड प्लेअरवर आजी, आई आणि नातवंडे एकत्र बसून ऐकतील अशी ही तबकडी होती. जगभरात तिच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००१ मध्ये चित्रपट आणि २०१८ मध्ये ध्वनिमुद्रिका राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनासाठी निवडली. २०२३ मध्ये निघालेल्या विस्तारित आवृत्तीत पूर्वी अप्रकाशित राहिलेले बरेच संगीत समाविष्ट झाले आणि प्लमर यांच्या स्वत:च्या आवाजातील गायनही श्रोत्यांना ऐकायला मिळाले. तोवर त्यांच्या निधनाला दोन वर्षे होऊन गेली होती.

मुंबईपर्यंतचा सूर

भारतात या कथेचा सर्वांत सुरेल पडसाद उमटला तो गुलजार यांच्या १९७२ च्या 'परिचय'मध्ये. राजकुमार मैत्र यांच्या बंगाली कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटावर 'साऊंड ऑफ म्युझिक'ची छाया स्पष्ट आहे. शिस्तीचा भोक्ता वडीलधारा, बंडखोर मुले आणि त्यांना गाण्याने जिंकणारा शिक्षक हा त्याचा गाभा. राहुलदेव बर्मन यांनी मात्र 'दो-रे-मी'ची नक्कल न करता त्या कल्पनेला सरगमचे अस्सल भारतीय रूप दिले आणि किशोरकुमार व आशा भोसले यांनी ते खेळकरपणे गायिले. याच चित्रपटातील गाण्यासाठी लता मंगेशकर यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उसनवारी करावी तर अशी, असे म्हणण्याजोगे हे उदाहरण आहे.

मे २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात ब्रॉडवे पद्धतीची ही संगीतिका परदेशी कलावंतांच्या संचात सादर झाली, तेव्हा मुंबईकर रसिकांना ती मोठ्या रंगमंचावर पाहता आली. चित्रपटाच्या सवयीने बसलेल्या प्रेक्षकाला 'माय फेवरिट थिंग्ज' मठात ऐकताना आणि वगळलेली गाणी पुन्हा भेटताना थोडे चक्रावून जायला होते, ते याच कारणाने.

या गाण्यांचे टिकून राहणे केवळ गोडव्याने समजावता येत नाही. ती लिहिणारा गीतकार मृत्यूच्या दारात उभा होता, त्यातील देशगीत प्रथम गाणारा नट देशाला पारखा झालेला होता आणि ज्यांच्या नावाने ती ओळखली जातात त्यांनी आपले स्वत:चे संगीत त्यांच्या छायेत झाकोळताना पाहिले. शिकवायला सोपी, गायला सोपी अशी ही गाणी मुले अजूनही पहिल्यांदा सुरात येण्यासाठी शिकतात. घर, भाषा आणि देश सोडावा लागलेल्या माणसांना ती आणखी एका कारणासाठी आठवतात. सामानात काहीच घेता आले नाही तरी गाणे नेता येते.